रातांब्याची साल प्रयोगशाळेत

आमसुलं पाण्यात भिजत घातली की थोड्याच वेळात पाणी लाल होतं आणि आंबट लागतं. रंग उतरला, आंबटपणा उतरला, म्हणजे सालीतलं सगळं सत्त्व पाण्यात आलं असं धरून आपण उरलेला चोथा टाकून देतो. रसायनशास्त्राचा अभ्यासक तो टाकत नाही. तो चोथा वाळवून अल्कोहोलमध्ये किंवा हेक्झेनमध्ये घातला की पाण्याला दाद न देणारं तिसरं एक द्रव्य बाहेर येतं. ते शुद्ध केलं की फिकट पिवळे, सुईसारखे स्फटिक मिळतात. हे गार्सिनॉल. लाल रंग देणारी अँथोसायनिनं, आंबट चव देणारं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आणि हे पिवळं गार्सिनॉल, अशी तीन द्रव्यं एकाच सालीत नांदतात. गेल्या साठ वर्षांत त्यांच्यावर पुष्कळ संशोधन झालं, एकाचा जगभर बाजारही झाला. ‘अमुक फळात अमुक द्रव्य आहे’ इथपासून ‘अमुक फळ अमुक आजारावर गुणकारी आहे’ इथपर्यंत पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि किती लोक त्या गाळून उडी मारतात, हे रातांब्याइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं फळ मला माहीत नाही.

गार्सिनिया इंडिका हे या झाडाचं शास्त्रीय नाव. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फळाला रातांबा म्हणतात, गोव्यात भिरंड, आणि वाळवलेल्या सालीला आमसूल किंवा कोकम. पश्चिम घाटाच्या उतारावर आणि किनारपट्टीला, खाली उत्तर कन्नडच्याही पुढे ते वाढतं. मँगोस्टीन त्याचा पूर्वेकडचा भाऊबंद. केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी ही त्याची आणखी जवळची बहीण, आणि या गोष्टीत तिचा वाटा मोठा आहे.

औषध म्हणून रातांब्याची ओळख जुनी आहे. चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांच्या गणात ‘वृक्षाम्ल’ येतं आणि बहुतेक वैद्य वृक्षाम्ल म्हणजे कोकम असंच मानतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यातही या आंबट, आतून लालभडक फळाची नोंद आहे. कोकणात तर यासाठी ग्रंथ लागतच नाही. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, उन्हातून आलेल्याला कोकमाचं सरबत देतात, पायांच्या भेगांना मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल, चोळतात. ही माहिती पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि संशोधकाला ती दिशा दाखवते. पण दिशा दाखवणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. पित्तावर आमसूल लावल्यानं बरं वाटलं असेल, तर ते आम्लामुळे, गार पाण्यामुळे, की पित्त तसंही तासाभरात उतरतं म्हणून, हे वेगळं काढल्याशिवाय रसायनशास्त्राला पुढे जाता येत नाही.

आता आंबटपणाकडे वळू. कुडमपुळीतलं आम्ल टार्टारिक किंवा सिट्रिक असावं, असं बरीच वर्षं समजलं जात होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन यांनी १९६५ साली ते वेगळं काढून तपासलं आणि ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असल्याचं दाखवलं. लिंबातल्या सिट्रिक आम्लापेक्षा याच्या रेणूत ऑक्सिजनचा फक्त एक अणू जास्त. पण त्या एका अणूमुळे रेणूची अवकाशातली मांडणी चार प्रकारे होऊ शकते. त्यातली एक मांडणी गार्सिनियाच्या फळांत मिळते, तर दुसरी लाल अंबाडीच्या बोंडांत. सूत्र तेच आणि अणूही तितकेच, तरी शरीरातल्या एन्झाइमांना त्यांच्यातला फरक कळतो.

हेच आम्ल रातांब्याच्या सालीतही मुख्य आहे. किती आहे, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. काही ठिकाणी वाळलेल्या सालीच्या वजनाच्या २० ते ३० टक्के असा आकडा सापडतो. जी. के. जयप्रकाश आणि के. के. साकरिया यांनी २००२ साली द्रव क्रोमॅटोग्राफीनं मोजलं तेव्हा सालीत १०.३ ते १२.७ टक्के आणि पानांत ४.१ ते ४.६ टक्के भरलं. एवढी तफावत का पडावी? अल्कली थेंबाथेंबानं घालून आम्ल मोजायच्या जुन्या पद्धतीत द्रावणातली सगळी आम्लं एकत्र मोजली जातात. द्रव क्रोमॅटोग्राफीत अर्क एका बारीक भुकटीनं ठासलेल्या नळीतून जोरानं ढकलतात, प्रत्येक द्रव्य आपल्या गतीनं बाहेर पडतं आणि वेगवेगळं मोजता येतं. शिवाय मोजलेला नमुना कोणता, हाही प्रश्न असतोच. आमसुलं करताना साल नुसती वाळवत नाहीत. फळाच्या रसात मीठ घालून त्याची पुटं देत, पुन्हा पुन्हा भिजवून ती उन्हात टाकतात. प्रत्येक पुटागणिक सालीत आम्ल वाढतं आणि मीठही. बाजारातून आणलेलं आमसूल आणि झाडाखाली वेचलेल्या ताज्या फळाची वाळवलेली साल, दोन्हींना ‘कोकम’च म्हणतात, पण रासायनिकदृष्ट्या ते दोन वेगळे नमुने आहेत. मीठ लावलेलं की बिनमिठाचं, पुटं किती दिली, हे न लिहिता छापलेला टक्का मला तरी अपुरा वाटतो.

या आम्लाची आणखी एक खोड आहे. अर्क आटवला, तापवला की रेणूचं एक टोक वळून त्याच रेणूच्या दुसऱ्या भागाला जोडलं जातं, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि आम्लाचं लॅक्टोन होतं. पुढे ज्या कामासाठी हे आम्ल गाजलं, त्या कामाला लॅक्टोन फारसं उपयोगी नाही. म्हणून कॅप्सूल करणाऱ्यांनी आम्लाचे कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार केले.

ते काम कोणतं? अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी चरबी शरीरात कशी तयार होते याचा अभ्यास करत होते. आपण भात-भाकरी गरजेपेक्षा जास्त खाल्ली की त्यातल्या कर्बोदकांचा काही भाग पेशीत सिट्रेटच्या रूपानं साठतो. एटीपी-सिट्रेट लायेज नावाचं एन्झाइम सिट्रेट तोडून अ‍ॅसिटाइल-कोए बनवतं, आणि चरबीपासून कोलेस्टेरॉलपर्यंत पुष्कळ गोष्टींचा तो कच्चा माल असतो. कुलपात दुसरीच किल्ली आत जावी पण फिरू नये आणि सहज निघूही नये, तसं हायड्रॉक्सिसिट्रेट या एन्झाइममध्ये अडकून बसतं, असं या गटाला १९६९ साली आढळलं. ते सिट्रेटपेक्षा कितीतरी घट्ट बसत होतं. सत्तरच्या दशकात हॉफमन-ला रोश कंपनीत अ‍ॅन सुलिव्हन यांच्या गटानं उंदीर-घुशींवर प्रयोग केले. साखरेचा भरपूर आहार दिलेल्या जनावरांच्या यकृतात चरबी कमी तयार झाली, त्यांचं खाणंही घटलं आणि वजन कमी वाढलं.

इथवर सगळं चोख होतं. पुढे मात्र पायऱ्या गाळल्या गेल्या. अमेरिकेत १९९४ साली आहारपूरकांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार अशी उत्पादनं बाजारात आणण्यापूर्वी ती गुणकारी असल्याचा पुरावा औषधांप्रमाणे सरकारला द्यावा लागत नाही. कुडमपुळीचा अर्क ‘गार्सिनिया कंबोजिया’ या नावानं वजन उतरवणारं द्रव्य म्हणून दुकानादुकानांत पोचला. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी तो माणसांवर नीट पारखून पाहिला. जादा वजनाचे १३५ लोक घेतले. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ, म्हणजे औषध नसलेल्या, गोळ्या. कोणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. सर्वांना कमी उष्मांकाचा, भरपूर चोथ्याचा आहार. बारा आठवड्यांनी आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं होतं आणि पोकळ गोळ्यावाल्यांचं ४.१ किलोंनी. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. आम्लाचा उपयोग झाला नाही, एवढा निष्कर्ष मात्र टिकला. तो १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. बाजार त्यामुळे मुळीच थांबला नाही.

घुशीत जे घडलं ते माणसात का घडू नये? कारण माणूस मिश्र आहार घेतो आणि त्याच्या अंगावरची चरबी मुख्यतः खाल्लेल्या तेलातुपातूनच जमा होते. कर्बोदकांपासून नवी चरबी बनवण्याचं काम आपलं शरीर एरवी थोडंच करतं. जो रस्ता मुळात कमी वापरातला, तो अडवून किती फरक पडणार? दुसरं कारण, हा रेणू पाण्यात सहज विरघळतो, त्यावर विद्युतभार असतो आणि पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरणं त्याला अवघड जातं. परीक्षानळीत एन्झाइम उघडं असतं, पण शरीरात ते पेशीच्या आत असतं.

आणि हा अर्क निरुपद्रवीही ठरला नाही. वजन घटवणारी मिश्र पूरकं घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा एका लोकप्रिय ब्रँडविरुद्ध लोकांना जाहीर इशारा दिला. मिश्रणात दहा द्रव्यं असल्यानं दोष कोणाचा हे तेव्हा सांगता येत नव्हतं. पुढे नुसता गार्सिनिया घेणाऱ्यांतही यकृतविकार नोंदले गेले आणि बाधितांमध्ये एक विशिष्ट जनुकप्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. या नोंदी एकवटलेल्या अर्काच्या कॅप्सुलांच्या आहेत, आमटीतल्या दोन आमसुलांच्या नव्हेत. पण ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ म्हणत कॅप्सूल हातावर ठेवणाऱ्याला हे सांगायलाच हवं.

याच एन्झाइमवर नेम धरलेलं एक औषध मात्र खरोखर यशस्वी झालं. बेम्पेडोइक आम्ल हे प्रयोगशाळेत बनवलेलं, गार्सिनियाशी काहीच नातं नसलेलं द्रव्य. ते यकृतात गेल्यावरच क्रियाशील होतं, तिथलं सिट्रेट लायेज रोखतं आणि कोलेस्टेरॉल उतरवतं. २०२० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची नेहमीची औषधं न सोसणाऱ्या जवळजवळ चौदा हजार रुग्णांवरच्या चाचणीत हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे म्हैसूर आणि ब्रँडाइसच्या संशोधकांनी अभ्यासलेल्या रेणूनं चरबीच्या कारखान्यातली योग्य जागा दाखवली होती. तिथपर्यंत पोचणं मात्र त्या रेणूच्या हातात नव्हतं.

आता पिवळे स्फटिक. रातांब्याच्या वाळलेल्या सालीत गार्सिनॉल साधारण २ ते ३ टक्के असतं. त्याची रचना म्हैसूरच्याच संस्थेतल्या एन. कृष्णमूर्ती, वाय. एस. लुईस आणि बी. रवींद्रनाथ यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल शोधणारे लुईस इथेही आहेत, हे मला फार लोभस वाटतं. एका माणसानं दीड दशकाहून जास्त काळ एकाच फळांच्या कुळाशी इमान राखलं, त्याचं हे फळ. अशा कामात सालीचा अर्क सिलिकाच्या भुकटीनं भरलेल्या काचेच्या नळीत वरून सोडतात, द्रावक बदलत बदलत खाली येणारे थेंब वेगवेगळ्या नळ्यांत धरतात, ज्यात हवं ते द्रव्य आहे तेवढ्या नळ्या एकत्र करून आटवतात आणि स्फटिक पडायची वाट बघतात. स्फटिक हाती आले की रेणूत कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे हे यंत्रांच्या साहाय्यानं एकेक कडी जुळवत ठरवतात.

गार्सिनॉलचा रेणू मोठा, वजन ६०२. तो चरबीत रमणारा आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे कोकम सरबताच्या बाटलीवर गार्सिनॉलचे गुण छापले असतील तर ते वाचून हरखू नये. सरबतात रंग आणि आम्ल उतरतं, गार्सिनॉल बहुतांशी चोथ्यात राहतं.

२००४ साली बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातून तपस कुंडू यांच्या गटाचा शोधनिबंध आला आणि गार्सिनॉलला वेगळीच प्रतिष्ठा मिळाली. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनला अ‍ॅसिटाइल गट चिकटला की गुंडाळी सैल होते आणि तिथली जनुकं वाचली जातात. हे गट चिकटवणारी पी-३०० आणि पीकॅफ ही एन्झाइमं गार्सिनॉल रोखतं, असं या गटानं दाखवलं. अशा प्रकारे काम करणारे आणि पेशीत शिरू शकणारे रेणू तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांना गार्सिनॉल साधन म्हणून उपयोगी पडलं. पुढे याच गटानं गार्सिनॉलच्या भाईबंदापासून एलटीके-१४ हा रेणू घडवला. तो एकट्या पी-३०० ला रोखतो आणि पेशीला कमी विषारी आहे. झाडानं दिलेला रेणू जसाच्या तसा औषध होण्यापेक्षा रसायनशास्त्रज्ञाला नमुना म्हणून उपयोगी पडतो, असं पुष्कळदा घडतं.

इथे एक गंमत आहे. हिस्टोनवर चिकटणारा अ‍ॅसिटाइल गट येतो अ‍ॅसिटाइल-कोएमधून, आणि त्याचा एक मोठा पुरवठादार असतो तेच सिट्रेट लायेज. म्हणजे एकाच सालीतलं एक द्रव्य कच्चा माल बनण्याच्या जागी अडसर घालतं आणि दुसरं तो वापरला जाण्याच्या जागी. आमसूल खाल्ल्यानं जनुकं बंद पडतात असा अर्थ कोणी काढू नये. पण पेशीच्या कारभारात या दोन रेणूंच्या जागा इतक्या जवळ असाव्यात, हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही करू शकलो नाही.

पुरेसं गार्सिनॉल पोटात गेलं की झालं, असं वाटणाऱ्यासाठी एक हिशेब. पी-३०० निम्मं थोपवायला ७ मायक्रोमोलर गार्सिनॉल लागलं, म्हणजे लिटरला सुमारे ४.२ मिलिग्रॅम. माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त, म्हणजे २१ मिलिग्रॅम झाले. सालीत दोन टक्के गार्सिनॉल धरलं तर साधारण एक ग्रॅम साल पुरे! आकडेमोड बरोबर आहे आणि निष्कर्ष साफ चूक. पाण्यात न विरघळणारं द्रव्य आतड्यातून किती शोषलं जाईल? जे शोषलं जाईल ते आधी यकृतात जाईल, आणि यकृत परक्या रेणूंना साखरेचे किंवा सल्फेटचे गट जोडून बाहेर घालवत असतं. उरलेल्यातलं पुष्कळसं रक्तातल्या प्रथिनांना चिकटेल. जे मोकळं राहील तेच पेशीत शिरणार. वर्तमानपत्रातल्या ‘कोकमात कर्करोगावर इलाज’ छापाच्या बातम्या याच हिशेबावर उभ्या असतात. जपानमधल्या संशोधकांनी २००० साली घुशींच्या खाद्यात ०.०१ आणि ०.०५ टक्के गार्सिनॉल मिसळलं आणि आतड्यातल्या कर्करोगपूर्व खुणा कमी झाल्याचं पाहिलं. हा प्रयोग महत्त्वाचा आहे, कारण त्यात द्रव्य तोंडावाटे दिलं होतं आणि आतड्यावरच काम करायचं असेल तर ते रक्तात पोचायची अडचण तितकी येत नाही. पण त्या घुशी होत्या, आणि घुशीपासून माणसापर्यंतच्या वाटेवर काय होऊ शकतं ते आपण आंबट आम्लाच्या बाबतीत पाहिलं.

आणखी एक शंका जाणकार घेतात आणि ती रास्त आहे. गार्सिनॉलच्या रेणूत शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेलं एक कडं आहे. असे रेणू अनेक प्रथिनांशी लगट करतात आणि कोणत्याही चाचणीत काही ना काही परिणाम दाखवतात. म्हणून एखादा रेणू दाह, कर्करोग, जिवाणू, मधुमेह अशा सगळ्यांवर ‘चालतो’ असं दिसलं, तर उत्साह वाढण्याऐवजी तपासणी वाढायला हवी.

लाल रंगाबद्दल थोडक्यात. तो सायनिडिनच्या दोन शर्करायुक्त रूपांचा आहे. आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर होणारा हा रंग आमसुलाचं पातेलं साबणानं घासताना कोणालाही दिसतो. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद मोजायला जांभळं डीपीपीएच द्रावण फिकं पाडण्याची चाचणी घेतात, ती त्याला उत्तम जमते, म्हणून ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द त्याला कायमचा चिकटला. पण ही चाचणी द्रावणातली आहे. पोटात गेलेलं अँथोसायनिन रक्तात फार थोडं पोचतं आणि पुष्कळसं आतड्यातले जिवाणू मोडून टाकतात. खाद्यरंग म्हणून मात्र ते मोलाचं आहे, फक्त उष्णतेनं लवकर फिकं पडतं.

हा सगळा अभ्यास शेवटी झाडापाशी येऊन अडतो. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून केलेल्या रोपांत निम्मी-शिम्मी नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, कळत नाही. रानातलं प्रत्येक झाड बीपासूनच उगवलेलं, म्हणून फळाचा आकार, सालीची जाडी, आंबटपणा, रंग झाडागणिक बदलतो. कलमं करून ही अनिश्चितता घालवता येते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या त्या याच वाटेनं. पण बागाईतदाराला हवं असतं मोठं फळ, जाड साल आणि पावसाआधी हाती येणारं पीक, आणि निवड त्यावरच होते. गार्सिनॉल जास्त असलेलं झाड कोणतं हे पाहून कोणी कलम बांधत नाही. रानातली झाडं तोडली जातात तेव्हा फळ न देणारा नर निरुपयोगी म्हणून आधी जातो, पण आंबट आम्ल तर पानांतही चार टक्क्यांच्या वर असतं. प्रयोगशाळेत येणारी साल कोणत्या गावच्या, कोणत्या झाडाची, कोणत्या महिन्यात उतरवलेली, मीठ लावलेली की नाही, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असेल आणि त्या झाडाची फांदी वनस्पतिसंग्रहात दाबून ठेवलेली असेल, तरच दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला तो आकडा पुन्हा मोजून पाहता येतो.